यंत्र क्रमांक सातची झीज

बुकित बातोकमधल्या एका अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून पोलिसांनी चकलीचा सोऱ्या जप्त केला.

हे घडलेलं नाही. कुशलने तसं घरातल्या सगळ्यांकडून कबूल करून घेतलं आहे. लिफ्टमध्ये कोणी विचारलं, तर प्लंबर आले होते असं सांगायचं ठरलं आहे. चार प्लंबर एकाच गणवेशात का आले, याचं उत्तर अजून तयार व्हायचं आहे. तेव्हा काहीच घडलं नाही असं धरून सुरुवात करू.

दिवाळीला नऊ दिवस होते. कुशलने पीआरसाठी, म्हणजे या परक्या देशात कायम राहायच्या परवान्यासाठी, चौथ्यांदा अर्ज केला होता आणि गेले सात महिने तो अत्यंत सरळ जगत होता. रस्त्यावर एकही गाडी नसली तरी सिग्नलवर हिरवा माणूस दिसेपर्यंत उभा राहायचा, आणि दिसला की त्याचे आभार मानल्यासारखी मान हलवून मगच पलीकडे जायचा. "उत्तर येईपर्यंत या घरात काहीही घडता कामा नये," हे त्याचं रोजचं वाक्य होतं.

घरात बायको मेधा, अकरा वर्षांची अवनी आणि व्हिजिट पासवर आलेले वडील दीनानाथ, एवढी माणसं. दीनानाथ चौतीस वर्षं एका दारूगोळा कारखान्यात हत्यार-तपासनीस होते. कारखान्याचं नाव ते सांगत नसत. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती आणि तिची मुदत कुठे लिहिलेली नव्हती. बायकोलाही त्यांनी शेवटपर्यंत नाव सांगितलं नाही. ती कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होती, तो भाग वेगळा.

रिकामी काडतुसं पुन्हा भरायची हातयंत्रं तपासायची, कुठलं किती झिजलं आणि कुठलं मोडायला आलं याचा अहवाल लिहून वरच्या मजल्यावर पाठवायचा, हे त्यांचं काम. असे चार हजार अहवाल त्यांनी पाठवले. वरच्या मजल्यावरून एकाचंही उत्तर आलं नाही.

यंत्र क्रमांक सात त्यांनी स्वतःच कंडम केलं होतं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याची काडतूस धरायची बाजू कापून टाकली, तिथे पितळी नळी आणि चांदणीची चकती बसवली आणि त्यांना तो सोऱ्या भेट दिला. टेबलाला बोल्टने आवळायचा, नळीत भाजणीचं पीठ भरायचं, दांडा ओढायचा. सोबत कारखान्याच्या छापील तक्त्यांची एक वहीही होती. दीनानाथांनी ती दर दिवाळीला इमानदारीने भरली.

त्या शनिवारी एकशे बाराव्या चकलीला कट्ट असा आवाज आला आणि दांड्याची पिन मोडली.

"तुम्ही जोर फार लावता, बाबा," मेधा म्हणाली.

"जोर नाही. पीठ घट्ट आहे."

"पीठ रोजच्यासारखंच आहे."

"रोज कुठे करतेस तू चकली?"

मेधाने गॅस बंद केला. त्यानंतर ती सासऱ्यांशी फक्त अवनीमार्फत बोलू लागली.

दीनानाथांनी पिनेचे दोन तुकडे आणि वही पिशवीत टाकली आणि ते जवळच्या औद्योगिक वसाहतीत गेले. तिथे एका लेथवाल्या काकांनी तुकडे हातात घेऊन विचारलं, "कुठल्या मशीनचं?"

दीनानाथांना शब्दांनी सांगण्यापेक्षा कागद दाखवायची सवय. त्यांनी वहीचं ताजं पान उघडून समोर ठेवलं. वर इंग्रजीत छापलेलं होतं: दारूगोळा भरण्याचं हातयंत्र, झीज व मोडतोड नोंद. खाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात, कामापुरत्या इंग्रजीत: यंत्र क्रमांक ७. दारूगोळ्याचा प्रकार: तिखट. एकूण नग: ११२. सदोष नग: ३. तातडी: दिवाळीपूर्वी. आणि कुशलचा संपूर्ण पत्ता, पोस्टल कोडसह.

काकांनी पान दोनदा वाचलं. "अंकल, उद्या या," ते फार प्रेमाने म्हणाले आणि आत फोन करायला गेले.

संध्याकाळी पाच वाजता बेल वाजली. दारात सार्जंट लिम आणि तिघे जण. कुशलने दार उघडलं आणि काही विचारण्याच्या आत म्हणाला, "मी कधीच सिग्नल तोडलेला नाही."

सार्जंट लिमने प्लास्टिकच्या पाकिटातले पिनेचे तुकडे वर धरले. "हे कोणाचं?"

"माझं," दीनानाथ पुढे आले. "मिळाली का नवीन?"

"सर, तुम्ही कुठे काम करत होता?"

"दारूगोळा कारखान्यात."

"कुठल्या?"

"ते सांगता येणार नाही."

"बाबा!" कुशल किंचाळला. "सांगा ना!"

"सही केली आहे मी. तुला काय, तू आयटीवाला."

सार्जंटने ते लिहून घेतलं. "हे यंत्र देशात कसं आणलं?"

"सुटं करून," दीनानाथ अभिमानाने म्हणाले. "तीन वर्षांत, तीन फेऱ्यांत. एकदम वजन होतं ना."

कुशल सोफ्यावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोरून चारही अर्ज एकामागून एक गेले.

"अंकल, इट्स फॉर स्नॅक्स लाह," अवनी इथल्या शाळेतल्या इंग्रजीत सार्जंटला म्हणाली. "यू वॉन्ट टू सी?"

सार्जंट लिमला बघायचंच होतं. मेधाने पीठ पुढे सरकवलं. पिनेच्या जागी दीनानाथांनी खणातली स्टीलची चॉपस्टिक घातली. त्या चॉपस्टिककडे बघून त्यांनी नापसंतीने मान हलवली, पण पाहुणे थांबले होते. दांडा ओढला. एक वेटोळं झालं, दुसरं झालं, सार्जंट कौतुकाने वाकून बघू लागला. तेवढ्यात चॉपस्टिक वाकून निसटली, दांडा झटक्याने उलटा गेला, चकती उडाली आणि भाजणीचा गोळा सार्जंटच्या नावाच्या पट्टीवर जाऊन बसला.

सार्जंटने आपल्या डायरीत लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने वाचलं, "एक नग सुटला. कोणीही जखमी नाही."

"सदोष नगात धरा," दीनानाथ हळूच म्हणाले.

मेधाने पाहुण्यांपुढे तळलेल्या चकल्यांची ताटली धरली. नियमानुसार त्यांना त्या घेता येत नव्हत्या. त्यांच्यातला वयाने सर्वांत लहान पोलीस मात्र जाताना दोनदा मागे वळून बघत होता. यंत्र क्रमांक सात, वही आणि वाकलेली चॉपस्टिक तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेली.

शनिवारच्या चकल्या आधीच संपल्या आणि दिवाळी विकतच्या चकल्यांवर झाली. कुशल आता हिरव्या माणसालाही घाबरू लागला. दीनानाथ रोज सकाळी टेबलावरच्या बोल्टच्या चार भोकांवरून हात फिरवायचे, आणि मेधा ते न बघितल्यासारखं करायची.

सहा आठवड्यांनी तोच लहान पोलीस यंत्र, वही आणि पिनेचे तुकडे असलेलं खोकं घेऊन आला. सोबत अहवाल होता. अवनीने तो वाचून दाखवला. स्फोटकांचा अंश: नाही. आढळलेले पदार्थ: तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे, मिरची. या यंत्राने काडतूस भरणं अशक्य. पुढील कारवाई: नाही.

कुशलने डोळे मिटून भिंतीला टेकून घेतलं.

"अजून एक पान आहे," अवनी म्हणाली.

दुसऱ्या पानावर कोणा अनोळखी तंत्रज्ञाने लिहिलं होतं, की पिनेचं भोक शून्य पूर्णांक चार दशांश मिलिमीटरने अंडाकृती झिजलेलं आहे. वहीतली अखेरची नोंदही तेवढीच असून ती अचूक आहे. पिन दीर्घकाळाच्या वापराने थकून तुटली. जादा जोर किंवा घट्ट माल यांचा दोष नाही. चाचणीसाठी नवी पिन बसवावी लागली. ती तशीच ठेवली आहे.

दीनानाथांनी पान हातात घेतलं आणि चष्मा पुसला. मग परत पुसला.

"उत्तर आलं," ते म्हणाले.

"बाबा," मेधा थेट त्यांच्याशी बोलली, "पीठ भिजवू का?"

"भिजव. हवं तेवढं घट्ट भिजव."

पीआरचा अर्ज अजून विचाराधीन आहे. दीनानाथांनी मात्र त्याच रात्री, कुशल झोपल्यावर, वहीचं शेवटचं कोरं पान फाडून एक अर्ज लिहिला. अवनीने त्याचं इंग्रजी केलं आणि शाळेत जाताना पोस्टात टाकला. तोही घडलेला नाही. त्याचा मजकूर असा:

"प्रति, मा. प्रमुख, प्रयोगशाळा. विषय: यंत्र क्रमांक ७ ची वार्षिक तपासणी. महोदय, आपला अहवाल पोचला. चौतीस वर्षांच्या सेवेत असा अहवाल पाहिला नाही. तरी नम्र विनंती, की सदर यंत्र दरवर्षी दिवाळीपूर्वी आठ दिवस आपल्या ताब्यात घेण्यात यावे. त्याकरिता चार कर्मचारी याच पत्त्यावर पाठवण्यात यावेत. आणि चाचणीत तयार झालेले नग खाण्याची परवानगी त्यांना, विशेषतः वयाने सर्वांत लहान कर्मचाऱ्यास, लेखी देण्यात यावी. सोबत: मोडलेली पिन, तुकडे दोन. कळावे."