चमचाभर विरजण

फ्लॅट बघायला गेलेलं माणूस आधी बाथरूमचा नळ सोडून बघतं, नाहीतर पूर्व कुठं आहे ते विचारतं. आमच्या मिसाळ सिस्टर फ्लॅटमध्ये पाऊल न टाकता शेजारच्या दाराची बेल वाजवतात. दार उघडलं की पर्समधून स्टीलची डबी काढतात आणि विचारतात, “चमचाभर विरजण मिळंल का हो?”

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी जिन्याच्या खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले, जणू मी त्यांच्याबरोबर आलेच नव्हते. पप्पूशेठ नावाचा आमचा एजंट हातातली किल्ली गोल फिरवायचा थांबला. “मॅडम, त्यांना दही पाहिजे होतं तर खाली डेअरी आहे,” तो मला हळूच म्हणाला.

सिस्टर आमच्या हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डाच्या इनचार्ज. मी ऑफिसात, पगारबिलांच्या टेबलावर. माझ्याकडे स्कूटी आणि त्यांना गाडी येत नाही, एवढ्यावर आमची मैत्री जमली. बाई मूळच्या जामखेडकडच्या, पन्नाशीला टेकलेल्या. लग्न केलेलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. म्हणजे दोनदा विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. वॉर्डात त्यांचा आवाज निघाला की सुनांच्या तक्रारी सांगत बसलेल्या सासवा एकदम पाण्याच्या बाटल्या भरायला उठतात. ही बाई अनोळखी दारात डबी घेऊन उभी राहिली की मात्र तिचा आवाज इतका मऊ होतो, की मला काही कळेनाच. आणि मला एखाद्याचं काही कळलं नाही की अन्न गोड लागत नाही. स्वभावाला औषध नाही.

घर घेणं भागच होतं. आयुष्यभर त्या होस्टेलात, क्वार्टरात, नाहीतर भाड्याच्या खोलीत राहिल्या. आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलेलं, त्याला खोली हवी. शिवाय बँकेतल्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, “सिस्टर, कर्ज फेडायचं ते रिटायर व्हायच्या आत. यंदा घेतलंत तर हप्ता झेपेल. पुढच्या वर्षी मी काही बोलत नाही.” थोडक्यात काय, यंदा घर झालं तर झालं, नाहीतर जन्मभर भाड्याची खोली.

आणि आमच्या नगरला पुण्याची हवा लागलेली. वन बीएचके बाजारात आला की पप्पूशेठच्या फोनला उसंत नाही. सकाळी बघायला येणारे, दुपारी घासाघीस करणारे आणि संध्याकाळी टोकन टाकून मोकळे होणारे. कुणी तर फोटो बघूनच टोकन टाकतात म्हणे. अशा बाजारात आमच्या सिस्टर विरजण घेऊन घरी जायच्या, दूध विरजायच्या आणि सकाळी दही कसं लागलंय ते बघून निर्णय द्यायच्या.

“अहो, विरजण मिळालं ना? मग झालं की,” मी म्हणायची.

“दिलं म्हंजी झालं का? कसलं दिलं ते नको बघायला? पानचट ताक बी देत्यात लोक.” आणि वर त्यांचं ठरलेलं वाक्य, “भिंतीचं काय, सगळ्यांच्याच उभ्या असत्यात.”

पाईपलाईन रोडच्या एका फ्लॅटला मोठी गच्ची होती. शेजारच्या बाईंनी जाळीच्या दारामागूनच “आम्ही पिशवीचं आणतो” म्हणून सांगितलं. सिस्टर गच्ची न बघता खाली उतरल्या. बोल्हेगावची इमारत कोरी करकरीत, पण राहायलाच कुणी आलेलं नाही. “मागू कुनाला?” म्हणून तीही बाद. केडगावला आम्हाला पोचायला उशीर झाला, दिवेलागण झालेली. तिथल्या काकू म्हणाल्या, “तिन्हीसांजेचं दही द्यायचं नसतं, सकाळी या.” मला वाटलं, हे घर गेलं. तर सिस्टर खूश. “रीत पाळनारं मानूस हाय. सकाळी येऊ.” सकाळी गेलो तर तो फ्लॅट कोण्या इंजिनिअरने रात्रीच उचललेला.

सावेडीच्या वेळी तर कहर झाला. शेजारणीने आत बोलावलं, चहा पाजला, वाटीभर दही दिलं. पप्पूशेठचा चेहरा उजळला. सिस्टर म्हणाल्या, “उद्या सांगते.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पातेलं घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या, झाकण काढून पातेलं तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. “बघा, कसं लागलंय. घ्यायचं हे घर.” मी पप्पूशेठला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, रात्रीच टोकन पडलं. मी थांबू नका म्हणत होतो ना?” आमच्या ऑफिसाने ते दही साखर घालून खाल्लं. फार सुरेख होतं. सिस्टरांनी घेतलं नाही.

आमच्या ह्यांनी घरी विचारलं, “तुम्ही दोघी घर शोधताय की डेअरी काढताय?” मी हसले, पण त्या दिवशी मला सिस्टरांचा खरोखर राग आला होता. घर पाहावं बांधून म्हणतात, ही बाई शेजार पाहत होती मागून, आणि घरं एकेक करून हातची जात होती. दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर चहाच्या टपरीवर मी त्यांना फाडकन बोलले.

त्यांनी चहा संपवून ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, “आमी ऊसतोडीला जायचो, कुलकर्नीबाई. राहुरीकडं, कधी राहात्याकडं. ऱ्हायला पाचटाची कोपी, दरसाल नवं गाव. दोन शेळ्या असायच्या. कोपी उभी राहिली की आई पहिली वस्तीवर जायची विरजान मागायला. मी तिच्या लुगड्याला धरून. ज्या गावात मिळालं, त्या गावात आईला लगेच झोप लागायची. न्हाई मिळालं तर रात्रभर कूस बदलायची. एवढं मला ठावं हाय बगा घराचं. दुसरं कुनी शिकवलंच न्हाई.”

माझा राग तर गेलाच, पण एक निश्चय झाला. आता या बाईला घर मिळवून द्यायचंच, मग थोडी लबाडी करावी लागली तरी चालेल.

बुरूडगाव रोडला एक फ्लॅट निघाला. जुनी तीन मजली इमारत, मालक पुण्याला गेलेले, हप्ता झेपण्यासारखा. पप्पूशेठ म्हणाला, “उद्या दोन पार्ट्या आहेत. आता दही बघत बसू नका.” मी दुपारच्या सुट्टीत एकटीच जाऊन शेजारची बेल वाजवली. दार उघडलं एका आजींनी. दारावर आजोबांच्या नावाची पाटी, आत त्यांचा हार घातलेला फोटो. मी विषय काढला तर म्हणाल्या, “दही? मी लावतच नाही गं.” झाली का पंचाईत? मी घरी येऊन माझ्या दह्यातलं वाटीभर दही काढलं (माझ्या दह्याला आमच्या सोसायटीत नाव आहे, हे सांगायला हरकत नाही), आजींना नेऊन दिलं आणि म्हटलं, “संध्याकाळच्या आत एक बाई येतील. मागतील तेव्हा हे द्या, एवढं करा.”

ड्युटी सुटल्यावर उन्हं असतानाच आम्ही पोचलो, पप्पूशेठ किल्ली घेऊन आलाच होता. सिस्टरांनी बेल वाजवली, डबी काढली, विरजण मागितलं. आजी आत गेल्या, वाटी घेऊन आल्या आणि माझ्याकडे बोट दाखवून सरळ म्हणाल्या, “ह्यांनीच आणून ठेवलंय दुपारी. खोटं कशाला बोलू? मी दही लावत नाही.”

मी पप्पूशेठकडे बघितलं. त्याने कपाळाला हात लावला. सिस्टर माझ्याकडे वळूनसुद्धा बघेनात, ते तर फारच वाईट होतं.

“का लावत न्हाई, आजी?” त्यांनी विचारलं.

“एकटीला कशाला? दूध येतं ते चहापुरतं. मुलगी परदेशात. दही लावलं की उरतं, मग आंबतं. टाकवत नाही आणि संपवत नाही. हे होते तेव्हा मी रोज लावत होते.”

“शेजारी न्हाई का कुनी मागायला येत?”

“आता कोण कुणाकडे येतंय, बाई?”

सिस्टरांनी हातातल्या डबीला झाकण लावलं. मग ती रिकामीच पर्समध्ये टाकली आणि पप्पूशेठला म्हणाल्या, “टोकन किती द्यायचं?”

तो गडबडला. “मॅडम, फ्लॅट आतून बघितला नाही तुम्ही.”

“भिंती हायत ना?”

जिना उतरताना मला राहवेना. म्हटलं, “सिस्टर, इथं तर विरजण मिळालंच नाही.”

त्या कठड्याला धरून थांबल्या. “आई सगळ्या जल्मात मागायला गेली. आमच्या दारात कधी कुनी मागायला आलं न्हाई. कोपीच्या दारात कोन येनार? होस्टेलात बी न्हाई, खोलीवर बी न्हाई. ह्या आजी येतील असं वाटतंय मला.” आणि मग वॉर्डातल्या आवाजात, “आन् पुन्हा असलं काही परस्पर करायचं न्हाई, सांगून ठेवते.”

दिवाळीआधी त्या राहायला गेल्या. पहिल्याच रविवारी मी गेले होते. खोकी अजून बांधलेलीच होती, फक्त ओट्यावर झाकण ठेवलेलं एक पातेलं होतं. आम्ही फरशीवर चटई टाकून गप्पा मारत बसलो होतो, तेवढ्यात बेल वाजली. मी दाराजवळ होते म्हणून उठायला लागले. सिस्टरांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. “तुमी बसा. माझ्या दाराला आल्यात त्या,” म्हणाल्या, आणि पदर सारखा करत स्वतः दार उघडायला गेल्या.