मुख्य अर्जदाराचा नवरा

माणूस कुठे जन्मतो हे दैवावर असतं, पण तो कायमचा कुठे राहणार हे तीन नंबरच्या खिडकीत ठरतं. परक्या देशात कायम वास्तव्याचा परवाना मिळवण्याचे पाच कायदेशीर मार्ग आहेत: गुणवत्ता, गुंतवणूक, आश्रय, विवाह आणि अवलंबन. यातला पहिला खास माझ्यासाठी आखलेला आहे, अशी माझी सहा वर्षं प्रामाणिक समजूत होती.

गुणवत्ता मोजतात, आणि पासष्टला पास करतात. दोन पदव्युत्तर पदव्या आणि एकवीस वर्षांचा व्यवस्थापनाचा अनुभव घेऊन मी सल्लागारासमोर बसलो. त्याने वीस मिनिटं आकडेमोड केली. चौतीस भरले. वयाचे शून्य, कारण मी सत्तेचाळीसचा. व्यवस्थापनाचेही शून्य, कारण इथे व्यवस्थापक भरपूर आहेत (म्हणूनच बाकी सगळ्याचा तुटवडा आहे, असं तो म्हणाला नाही, पण थांबला मात्र बराच वेळ).

"वहिनी काय करतात?" त्याने निरोप देता देता विचारलं.

"ती होय? कवळ्या बनवते."

त्याने बंद केलेली फाइल पुन्हा उघडली. हा देश म्हातारा होत चालला आहे आणि त्याला अजून चावून खायचं आहे, हे मला तेव्हा कळलं. बायकोचे एक्याऐंशी भरले.

कवळ्या बनवायचा कोर्स तिने लग्नानंतर चौथ्या वर्षी केला. मी त्याला 'दातांचा क्लास' म्हणत असे, आणि पाहुण्यांना 'तेवढाच तिचा वेळ जातो' असं समजावून सांगत असे. (पाहुणे समजूतदार होते. मान डोलवायचे.)

तर ती मुख्य अर्जदार झाली आणि मी परिशिष्ट 'क' मध्ये गेलो. तिथे माझ्या आधी घरातल्या सामानाची यादी होती. गावाकडे आईला फोन करून मी म्हणालो, "आमचं दोघांचं होतंय."

"तुझ्या नावावर ना?" तिने विचारलं.

तेवढ्यात रेंज गेली. (मी घालवली.)

परिशिष्टात माझ्याकडून एकच पुरावा हवा होता: संबंधित व्यक्ती मुख्य अर्जदाराशिवाय राहू शकत नाही. मी बाणेदारपणे लिहिलं, की मी स्वतंत्र विचारांचा, स्वावलंबी माणूस आहे. सल्लागाराने ते वाचलं आणि कागद हलकेच परत केला.

"साहेब, स्वावलंबी निघालात तर परत जावं लागेल."

मग आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. बायको सांगत गेली, मी लिहीत गेलो. तिच्या आवाजात राग नव्हता. कवळीचं माप सांगावं तसं सांगत होती. माझ्या चष्म्याचा नंबर तिला पाठ. माझ्या गोळ्यांच्या वेळा तिच्या फोनमध्ये. वॉशिंग मशीनचं तिसरं बटण कशाचं, हे मला ठाऊक नाही. माझ्या बहिणीचा वाढदिवस मी कधीच विसरत नाही, कारण मेसेज ती पाठवते. साडेतीन पानं झाली. यातलं एकही वाक्य खोडायला मला जागा सापडली नाही, आणि व्याकरण तेवढं सुधारून मी खाली सही केली.

शेवटच्या पानावर तिच्यासाठी एक रकाना होता. 'या व्यक्तीला सोबत ठेवण्याची आपली इच्छा आहे काय? होय / नाही.' तो तिने मोकळा ठेवला. मी चार दिवस त्या मोकळ्या रकान्याबद्दल काही बोललो नाही. भांडी मात्र घासली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "कढई राहू दे, तिचं कोटिंग जातंय."

मुलाखतीला तीन नंबरच्या खिडकीमागच्या बाईंनी आधी मला विचारलं, "तुमच्या पत्नीचा हुद्दा काय?"

"दंततंत्रज्ञ," मी मोठा शब्द वापरला.

"इथे विभागप्रमुख लिहिलंय. आठ महिने झाले."

मी बायकोकडे पाहिलं. "बोलली नाहीस?"

"बोलले होते," ती म्हणाली. "तू मॅच बघत होतास. 'छान' म्हणालास."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी शेवटचं पान पुढे सरकवलं. "हा रकाना भरायचा राहिलाय."

"घाईत राहिला असेल," मी म्हणालो.

"घाईत नाही," बायको म्हणाली. तिने पेन हातात घेतलं आणि काचेतून विचारलं, "हे उत्तर कायमचं असतं का?"

"नाही. पाच वर्षांनी कार्डाचं नूतनीकरण असतं. तेव्हा पुन्हा विचारतो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि 'होय'वर खूण केली. लग्नात अक्षता पडल्या तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो. त्या दिवशी तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

कार्ड आलं. फोटो माझा, वर्ग 'अवलंबित'. या देशाबद्दल मला आता नितांत आदर आहे. एकोणीस वर्षांत जो प्रश्न माझ्या, तिच्या किंवा कोणाच्याही घरच्यांना सुचला नाही, तो इथे छापील आहे आणि उत्तराला जागाही सोडलेली आहे. आता चार वर्षं, दोन महिने उरलेत. वॉशिंग मशीनचं तिसरं बटण लोकरी कपड्यांचं असतं.

तुम्ही मात्र आपल्याच देशात, आपल्याच घरात बसून हे वाचत असणार. तुम्हाला ना कार्ड लागतं, ना मुदत. तरीही, गंमत म्हणून, आतल्या खोलीत जाऊन तोच प्रश्न एकदा विचारून बघा. तिने लगेच 'हो' म्हटलं, तर तिला प्रश्न नीट ऐकू आलेला नाही. पुन्हा विचारा.