माकडांचा पंचनामा

सरकारी योजनेचा नियम वाचून समजणारा माणूस आमच्या वाडीत एकच, तो म्हणजे मी! हे मी सहसा बोलत नाही. बोललो तरी कुणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही. पण यंदा माडांच्या बागेत माकडांनी धुडगूस घातला, आणि मी ठरवलं, नुकसानीचं अनुदान मिळवायचंच! जन्मभराच्या वाचनाचा घराला काहीतरी उपयोग होतो, हे आमच्या मथुरेला एकदा दिसू दे!

नियम साफ होता. पाहणी होईपर्यंत नुकसान जागेवर हवं. म्हणून माकडांनी भोकं पाडून फेकलेला प्रत्येक नारळ मी पडला तिथंच राहू दिला. कार्यालयाला सवड होईतो ते सुकून खडखडीत झाले. बाग रणांगणासारखी दिसू लागली!

"अहो, ह्यो कचरो कधी काढतालात?" मथुरा रोज विचारायची.

"ऱ्हवांदे गो!"

"लोक काय म्हणतीत?"

"ऱ्हवांदे म्हटलंय मा!"

कारण सांगायचा धीर झाला नाही. अनुदान नाहीच मिळालं तर? फक्त आदल्या दिवशी म्हणालो की कुडाळहून मॅडम बाग बघायला येणार आहेत.

सकाळी न्हाणीत चुलीवरचं पाणी असं कडकडीत तापलेलं, की मी आतूनच ओरडलो, "वा वा! आज पाणी झकास तापलाहा!" मग खुशीत पाहणीला येणाऱ्या भक्ती मॅडमना आणायला स्टँडवर गेलो.

परतलो आणि बघतो तर काय! बाग झाडून आरशासारखी लख्ख. फाटकाशी रांगोळी! जमिनीवर औषधालाही नारळ नाही. वर पडवीत टवटवीत नारळांचा हा एवढा ढीग, आणि शेजारी उभा आमचा शेजारी सत्यवान.

"माझ्या घरचे आणलंय, काकानू," तो कानाशी कुजबुजला. "पावण्यांसमोर तुमची लाज नको जावक!"

"काका, नुकसान कुठाय?" भक्ती मॅडमनी विचारलं.

"होतं... म्हणजे, काल होतं."

"काकी, माकडं येतात का हो?"

"येतीत कशी? मी आसंय मा हंय!" मथुरा कमरेवर हात ठेवून म्हणाली.

मी डोळ्यांनी खुणा केल्या.

"तुमच्या डोळ्यांत काय गेला काय?"

मग घावणे आले, सोलकढी आली. निघताना मॅडमच्या पिशवीत सत्यवानाचे नारळ!

"नको हो, काकी!"

"घे गो बाय! आमका खंय कमी आसत?"

झालं! पंचनाम्यात लिहिलं गेलं: नुकसान आढळले नाही, उत्पन्न भरपूर. "काका, इथं सही करा." आणि भिडेपोटी मी केली! हा काय न्याय झाला? शेतकऱ्यानं घरदार उकिरड्यासारखं ठेवलं तर तो खरा, आणि बाईनं केरसुणी फिरवली की खोटा? हे सगळं मी मॅडमना ठणकावून सांगितलं. मनात.

त्यांची रिक्षा वळली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा असा ओरडलो की कोंबड्या कुंपणापार पळाल्या.

"अगो, तो पुरावो होतो! माझो पुरावो! खंय टाकलंस सगळे नारळ?"

"टाकूक कित्याक?" मथुरा पानं उचलत म्हणाली. "सकाळी न्हाणीतसून वा वा कोण करत होतो?"