वकील नसलेल्यांची परिषद

माणसांचे दोन प्रकार असतात: वकील आणि वकील नसलेले.

हातात प्लेट असताना हस्तांदोलन करायचं झाल्यास प्लेट डाव्या हातात धरावी. डाव्या हातात ग्लास असल्यास भूक किंवा तहान, दोहोंपैकी एक सोडावी.

पिवळी फीत: प्रथमच आलेले. लाल: वक्ते. हिरवी: प्रायोजक. जांभळी: 'मला मिठी मारलेली चालते' (मागे घेण्यात आली आहे, कारण विचारू नये).

एका छत्रीवर तीन भागीदारांची आडनावं मावतात.

प्लेनोत पाच मिनिटांवर काहीही नसतं. जे काही असतं ते वीस मिनिटांवर, हायवेने.

नागपूरला मार्चमध्येच उकडायला लागतं.

वरील विधाने परस्परांशी संबंधित आहेत. कशी, ते क्रमाने सांगण्यात येईल. (क्रम पाळला जाईलच असे नाही.)

*

अमेरिकेत वकील न्याय विकतो, आणि वकिलाला कोणीतरी विकावं लागतं. हे दुसरं काम वकिलाने स्वतः करणं शोभत नाही. त्यासाठी प्रत्येक मोठ्या फर्ममध्ये मार्केटिंग विभाग असतो. या विभागाची कर्तव्ये थोर आहेत. भागीदाराच्या डोक्यावरचे केस गेले तरी वेबसाइटवरचे जाऊ न देणे. भागीदाराच्या नावाने विचारप्रवर्तक लेख लिहिणे (भागीदार त्यात एक स्वल्पविराम घालतो आणि पुढे आयुष्यभर 'मी लिहिला तेव्हा' असं म्हणतो). देशातल्या सर्वोत्तम वकिलांच्या याद्यांमध्ये त्याचं नाव लावणे. अशा याद्या आता इतक्या झाल्या आहेत की एकाही यादीत नसलेला वकील सापडल्यास त्याचा सत्कार करायला हरकत नाही. शिवाय गोल्फ, छत्र्या आणि ख्रिसमसची कार्डे, ज्यांवर ख्रिसमसचा उल्लेख नसतो.

हे सारं करणाऱ्या मंडळींना फर्ममध्ये एक नाव असतं: नॉन-लॉयर. विमानात कॉफी देणाऱ्या बाईला कोणी नॉन-पायलट म्हणत नाही. इस्पितळातल्या नर्सला कोणी नॉन-डॉक्टर म्हणत नाही. ही कल्पकता फक्त वकिलांना सुचली, आणि ती स्तुत्यच आहे, कारण एका शब्दात माणूस काय नाही ते कळतं. काय आहे हे विचारायची दगदग वाचते. भागीदारांच्या वार्षिक बैठकीत नॉन-लॉयर मंडळींना प्रवेश असतो. बसायला नसतो.

दीक्षाने हा प्रकार फोनवर आपल्या आजोबांना सांगितला होता. त्यांना समजायला एक वाक्य पुरलं.

दीक्षा डॅलसच्या हॅलोवे, प्रेंटिस आणि हॅलोवे या फर्ममध्ये मार्केटिंगची सीनियर मॅनेजर होती. (दोन्ही हॅलोवे सख्खे भाऊ. मध्ये प्रेंटिस आहे म्हणून फर्म टिकली.) वसंत ऋतूत या फर्मचं दुसऱ्या एका फर्मशी विलीनीकरण ठरलं. दोन फर्म एक होतात तेव्हा वकील दुप्पट होतात आणि मार्केटिंग विभाग एकच राहतो. तो दुसऱ्यांचा राहणार होता. दीक्षाची नोकरी गेली असती तर तिचा व्हिसा गेला असता. तिचा व्हिसा गेला असता तर त्याच्याच आधारावर असलेला तिच्या नवऱ्याचा, रवीचा, व्हिसाही गेला असता. आणि मग मुलगा अमन, जो अमेरिकेत जन्मला असून ज्याला कोणत्याही व्हिसाची गरज नाही, तो तिसरीत एकटाच उरला असता.

अशा वेळी माणसाने काय करावं, याचं उत्तर या धंद्यात ठरलेलं आहे. नेटवर्किंग.

*

कायदा-विपणन व्यावसायिकांच्या प्रादेशिक संघटनेची (यापुढे 'संघटना') व्यावसायिक विकास परिषद डॅलसच्या प्लेनो या उपनगरात, हायवेलगतच्या एका हॉटेलात भरली. दालनात एसी इतका होता की टेक्सासमध्ये लोक शाली घेऊन बसले होते. उपस्थितांचं संघटनेने केलेलं वर्गीकरण असं: नोकरी शोधणारे, निम्मे; नोकरी शोधत नाही असं न विचारता सांगणारे, तीस टक्के; सॉफ्टवेअर विकणारे, उरलेले. नोकरी देऊ शकणारी व्यक्ती, एक.

या एका व्यक्तीचं नाव अपर्णा. ती एका भल्यामोठ्या फर्मची मार्केटिंग प्रमुख होती, वीस वर्षं प्लेनोत राहत होती, आणि तिच्या विभागात सीनियर मॅनेजरची जागा रिकामी होती. ही बातमी साऱ्या दालनाला माहीत होती. अपर्णा कॉफी घ्यायला उठली की चाळीसेक लोकांना एकदम कॉफीची तल्लफ यायची.

यंदा संघटनेने समावेशकतेच्या दिशेने एक ऐतिहासिक पाऊल टाकलं होतं. बिल्ल्यांवर फक्त पहिलं नाव. आडनावावरून माणसाचं घराणं, वंश आणि मालकाशी असलेलं नातं कळतं. तसं कळू नये, प्रत्येकाकडे निव्वळ माणूस म्हणून पाहिलं जावं, असा ठराव झाला होता. ठराव एकमताने मंजूर झाला. (ठराव मांडणाऱ्याचं आडनाव हॅलोवे होतं.)

सकाळी दीक्षाचं सत्र झालं (तिच्या बिल्ल्याला लाल फीत होती). दुपारी, जेवणानंतर, नेटवर्किंगची कार्यशाळा. डग नावाचे प्रशिक्षक ती घेत होते: गालाशी माइक, बुटात मोजे नाहीत. त्यांचे नियम तीनच. पहिला, कामाचं विचारू नका. दुसरा, ज्यांचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं ते प्रश्न टाळा. तिसरा, प्रत्येक उत्तरातून पुढचा प्रश्न काढा. खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. बेल वाजली की एका रांगेने उठून पुढच्या खुर्चीवर सरकायचं.

दीक्षा तिसऱ्या बेलला सरकली आणि समोर अपर्णा होती.

"अगं, मराठी ना तू? सकाळी बोलायला लागलीस तेव्हाच मी ओळखलं," अपर्णा म्हणाली. "काय छान बोललीस गं!"

"थँक्यू, अपर्णाताई."

"ताई काय! अपर्णा म्हण. तुझ्याशी मला कामाचंच बोलायचंय, पण ते नंतर. या डगच्या नियमात बसत नाही. दीक्षा… वेगळं नाव आहे. छान आहे."

"आजोबांनी ठेवलं."

"हो का? मूळची कुठली तू?"

"नागपूर."

"अय्या, माझी मामी नागपूरची! धंतोलीत बंगला आहे त्यांचा. तुम्ही कुठे?"

"आम्ही उत्तरेला."

"उत्तरेला म्हणजे?"

"म्हणजे धंतोलीच्या उत्तरेला."

"तसं बरंच काही आहे गं उत्तरेला."

"हो ना. वाढलंय नागपूर."

डग जवळून जाता जाता थांबले. या दोन बायका कोणत्या भाषेत बोलताहेत हे त्यांना माहीत नव्हतं. पण एक बाई पुढे झुकून, डोळ्याला डोळा लावून, समोरच्या व्यक्तीबद्दल निखळ कुतूहलाने विचारते आहे, हे त्यांना दिसत होतं. असं दृश्य त्यांनी बारा वर्षांच्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं.

"शाळा कुठली तुझी?"

"घराजवळची."

"आणि बाबा काय करायचे?"

"रिटायर झाले."

"कशातून गं?"

"नोकरीतून."

बेल वाजली. दीक्षा उठायला लागली. डगनी हात वर केला. "नो, नो, प्लीज! डोन्ट स्टॉप." आणि माइकवरून बाकीच्यांना म्हणाले, सगळे इकडे या आणि बघा. या बाईंनी आतापर्यंत कामाबद्दल एकही प्रश्न विचारलेला नाही. याला म्हणतात माणसात रस घेणं.

लोक खुर्च्या ओढून भोवती बसले. काहींनी टिपणं काढायला घेतली, एकाने फोनवर व्हिडिओ.

"आम्ही इथे मंडळात गणपती बसवतो," अपर्णा म्हणाली. "तुमच्याकडे किती दिवसांचा असतो?"

"आमच्याकडे बसत नाही."

"गौरी?"

"त्याही नाहीत."

"मग कुलदैवत कुठलं तुमचं?"

"ते आजोबांनी सोडलं."

"सोडलं? कोणाकडे?"

"कोणाकडे नाही. नुसतंच सोडलं. छप्पन साली."

"ओह," अपर्णा म्हणाली. "अच्छा. अच्छा, अच्छा."

(डग: "लक्षात घ्या. उत्तराला दाद दिली. तीन वेळा.")

"अपर्णाताई, सरळ विचारलं असतंत तर बेल वाजायच्या आत झालं असतं," दीक्षा म्हणाली. "आम्ही बौद्ध."

"अगं मग काय झालं! आम्ही असलं काही मानतच नाही. कॉलेजात माझी रूममेट होती ना तुमच्यातली. इतकी हुशार! अजिबात वाटायची नाही."

"काय वाटायची नाही?"

"म्हणजे… तसं गं."

"आणि तुमच्याकडे? तुमचं आडनाव काय? बाबा कशातून रिटायर झाले? देवघरात कोण कोण असतं?"

अपर्णाने घड्याळाकडे पाहिलं. "जरा पर्सनल होतंय हं हे."

"बरं. तुम्हाला कामाचं काहीतरी बोलायचं होतं."

"हो, हो. ते ना, एका जागेचं होतं, पण त्याचं अजून अप्रूव्हल यायचंय. वरचे लोक हल्ली कल्चर फिट वगैरे फार बघतात. तू टचमध्ये राहा मात्र. आणि एकदा जेवायला या ना सगळे!"

"कधी?"

"ठरवू गं."

दालनात टाळ्या वाजल्या. डगनी अपर्णाच्या बिल्ल्याला 'नाती जोडणारे' ही निळी फीत लावली. दीक्षालाही त्यांनी प्रेमाने बाजूला घेतलं. तिची उत्तरं फार त्रोटक आहेत, असं त्यांचं निरीक्षण होतं. समोरचा माणूस दार ठोठावत असताना आपण दार उघडायला शिकलं पाहिजे.

दीक्षाने तेही ऐकून घेतलं. (संघटनेच्या नियमानुसार अभिप्रायाला उत्तर देता येत नाही.)

*

[येथे परिषदेच्या उर्वरित सत्रांचा वृत्तांत होता. तो न वाचल्याने वाचकांचे काही नुकसान झालेले नाही. सत्रांना बसलेल्यांचेही झाले नाही.]

*

पार्किंगमधून दीक्षाने रवीला फोन लावला.

"काय झालं?"

"फायनलला जाऊन हरले."

"म्हणजे?"

"कुलदैवतापर्यंत गेले."

पलीकडे कुकर बंद केल्याचा आवाज आला. मग रवी म्हणाला, "आणि कामाचं?"

"कामाचं विचारायचं नसतं, यार. नियम आहे."

"कुठली होती ही बाई?"

"पुण्याची."

"पुण्यात कुठे?"

"रवी!"

"सॉरी. निघालं तोंडातून." मग तो म्हणाला, "अमन विचारतोय, हाऊ वॉज युअर पार्टी?"

"त्याला सांग, खूप लोक भेटले."

*

नेटवर्किंगचा परिणाम तत्काळ दिसत नाही, हे संघटनेने वारंवार स्पष्ट केलं आहे. तरीही नोंदीखातर: विलीनीकरण जूनमध्ये पार पडलं. दीक्षाने आणखी काही फर्ममध्ये प्रयत्न केले. तिथे तिला तिच्या कामाबद्दल विचारण्यात आलं, पण जागा नव्हत्या. ऑगस्टमध्ये ती, रवी आणि अमन नागपूरला गेले. अमनने जाताना वर्गाला सांगितलं की आपण आजी-आजोबांकडे व्हेकेशनला चाललो आहोत, आणि त्याची ही समजूत दुरुस्त करायचं काम आईवडील अजून एकमेकांवर ढकलत आहेत. अपर्णाच्या विभागातली जागा आजही रिकामी आहे. योग्य माणसं मिळत नाहीत, असं तिने एका मुलाखतीत सांगितलं. ही मुलाखत तिच्या मार्केटिंग विभागाने लिहिली होती.

संघटनेने परिषदेनंतर घेतलेल्या पाहणीत ब्याण्णव टक्के उपस्थितांनी पहिल्या नावाच्या बिल्ल्यांचं स्वागत केलं. त्यामुळे सगळे समान वाटले, असं त्यांनी कळवलं. डगनी अपर्णाच्या संभाषणाचा व्हिडिओ आपल्या अभ्यासक्रमात घेतला असून तो आता बावीस राज्यांत दाखवला जातो, उपशीर्षकांशिवाय.

या धोरणाचा मान राखून आम्हीही वरील वृत्तांतात दीक्षाचं आडनाव दिलेलं नाही. वाचकांची त्यामुळे अडचण झाली नाही, याची आम्हाला कल्पना आहे. काहींचं काम पहिल्या नावापाशीच झालं होतं. काही जण धंतोलीच्या उत्तरेला जाऊन पोचले. अगदीच सरळमार्गी मंडळी छप्पन सालापर्यंत थांबली, आणि तिथे त्यांना हायसं वाटलं. आडनाव आम्ही अपर्णाचंही दिलेलं नाही. ते मात्र कोणाला शोधावंसं वाटलं नाही. ते आधीपासूनच माहीत होतं. अशा वाचकांना नेटवर्किंगच्या कोणत्याही प्रशिक्षणाची आवश्यकता नाही.

परिषदेच्या दिवशी सकाळी, दीक्षाचं सत्र संपताच, अपर्णाने बाहेर जाऊन आपल्या फर्मला फोन केला होता आणि सांगितलं होतं, योग्य माणूस मिळाला, ती जागा भरली असं समजा.