पट्टी बघूनच हात लावणाऱ्या कुंदाताई

सतरा नोव्हेंबर. सुट्टी होती. कपाटावरची रिपोर्टांची पिशवी खाली काढली आणि जमिनीवर फतकल मारून उपसायला बसले. मला माझा जुना ईसीजी हवा होता. डॉक्टरला दाखवायला नव्हे, तळमजल्यावरच्या कुंदाताई पेडणेकरांना दाखवायला. दहिसरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, हृदयाची पट्टी बघितल्याशिवाय ही बाई कुणाच्या पाठीला हात लावत नाही.

कुंदाताई पासष्टीच्या. शाळेत पी.टी. शिकवायच्या. नोकरीच्या शेवटी शेवटी कुठल्याशा शिबिरात श्वासाचं आणि स्पर्शाचं शिकून आल्या. तेव्हापासून हॉलमध्ये सतरंजी टाकून लोकांना पालथं पाडतात. त्यांचं म्हणणं, माणूस मनातलं जे गिळतो ते अंगात कुठेतरी जाऊन बसतं. न बोललेले शब्द जबड्यात, दुसऱ्यांची ओझी खांद्यात, जुनी भीती कमरेत.

"आणि गुडघ्यात?" मी एकदा विचारलं.

"गुडघ्यात काय नसतं. तो झिजतो. हाडांच्या डॉक्टरकडे जा."

भेटल्यावर त्या "कशी आहेस" विचारत नाहीत. "श्वास खंय ठेवलंस गो?" असं मालवणीत दरडावतात. लिफ्टमध्ये सापडलो की संपलं. "पोटापर्यंत ने. गळ्यातून परत काय पाठवतेस, कुरिअर आहे का?" पार्किंगवरून भांडण पेटलं तेव्हा त्यांनी भर मीटिंगमध्ये उभं राहून सेक्रेटरींना सांगितलं, "आधी हवा बाहेर सोडा, मग शिव्या द्या." सेक्रेटरींनी सोडली. पुढच्या शिव्या त्यांना आठवेनात.

हेच सेक्रेटरी पुढे मान धरली म्हणून त्यांच्याकडे गेले. कुंदाताईंनी हात पुढे केला, "पट्टी?"

"अहो, मान धरलीय. हृदयाचा काय संबंध?"

"मान कशावर ठेवलीय? धडावरच ना? सहा महिन्यांच्या आतली आणा."

वाकड्या मानेने बिचारे ईसीजी काढायला गेले. दवाखान्यातल्या बाईने म्हणे विचारलं, "तळमजल्यावाल्या ताईंनी पाठवलं का?"

आम्ही हसायचो. त्या दिवशी मात्र मला हसू येत नव्हतं. आठ दिवस डाव्या खांद्यात आणि छातीच्या कडेला काहीतरी चेपून बसलं होतं. माझे वडील बावन्नाव्या वर्षी गेले, कामावर निघताना बूट घालता घालता. मलाही बावन्नावंच चालू होतं. अंधेरीच्या कारखान्यात मी पॅकिंगची सुपरवायझर आहे. कुणाला चक्कर आली की त्याला पाच मिनिटांत डॉक्टरकडे पाठवते. स्वतःला पाठवायची वेळ आली तेव्हा पाय उचलेना. डॉक्टर काय सांगेल याची भीती वाटत होती. नवऱ्याला बोलले नाही. कुंदाताई जरा दाबतील, मोकळं होईल, एवढाच हिशेब होता.

ईसीजी सापडला. दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनच्या वेळचा. नाव, वय, तारीख वरच्या बाजूला. मी कात्री घेतली, वरची बाजू कापून टाकली आणि खाली गेले.

"डोकं कुठाय हिचं?" चष्मा लावत कुंदाताईंनी विचारलं.

"ओलं झालं होतं. कापलं."

त्यांनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सतरंजीकडे बोट केलं. मी पालथी झाले. पाठीवर हात आला. कोरडा, उबदार, जड. त्या दाबत नाहीत, नुसता ठेवतात. "घे. आता सोड. ढकलू नको, सोड." तीन-चार श्वास झाले. मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

"डावीकडे श्वास चोरतेस," त्या म्हणाल्या. "दुखतंय?"

"थोडं."

"हातात येतं?"

"कधी कधी. जिना चढले की."

तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा हात निघाला.

"पट्टी कधीची?"

मी उशीत तोंड घातलं.

"कधीची ती सांग!"

"दोन वर्षांपूर्वीची. पण ताई, जरा दाबा ना, मोकळं होईल."

मी उठून बसले. कुंदाताई भिंतीला टेकल्या होत्या. चेहरा पांढराफटक. पी.टी.चा तो दणदणीत आवाज कुठे गेला कळेना.

"ह्यांनी पण हेच म्हटलेलं," त्या म्हणाल्या. "जरा दाब, मोकळं होईल. मी दाबलं. तीन दिवस. नोकरी सुटल्याचं दुःख खांद्यात बसलंय, असं मीच सांगितलं त्यांना. शिकून आलेले ना मी. त्यांना पटलं गो. रडले पण. मला केवढं बरं वाटलं, म्हटलं, निघतंय. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर..."

त्यांचे यजमान झोपेत गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"उठ. चप्पल घाल," त्या म्हणाल्या.

रिक्षात माझी वाट लागली होती. प्रत्येक सिग्नलला वाटे, इथेच होणार. बुटाची एक नाडी बांधून वाकलेले वडील दिसत होते. कुंदाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. "घे, सोड. घे, सोड." मधेच माझं लक्ष त्यांच्याकडे गेलं. ओठ हलत होते, छाती हलत नव्हती. मला श्वास सांगणारी बाई स्वतः घेतच नव्हती.

हॉस्पिटलात पट्टी निघाली, रक्त घेतलं. तीन तास पडद्याआड पडून राहिले. पडद्याखाली कुंदाताईंच्या चपला दिसत होत्या. नर्सने दोनदा बसायला सांगितलं, चपला हलल्या नाहीत. फोन केल्यावर नवरा आला तेव्हाही त्या तिथेच.

"आत्ता ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "बीपी वाढलंय. उद्या दहाला स्ट्रेस टेस्टला या, त्यात कळेल. पण आठ दिवस घरी काय करत होतात?"

बाहेर कुंदाताईंना सांगितलं तर त्या नुसत्या "हां" म्हणाल्या आणि एकदाच्या बाकावर बसल्या. त्यांच्या ब्लाउजची पाठ घामाने ओली झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्यांचं दार वाजवलं. आदल्या दिवशीचीच साडी. झोपल्या नव्हत्या हे दिसत होतं.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही. पालथ्या व्हा."

"तुला काय येतं गो त्यातलं?"

"काही येत नाही. नुसता हात ठेवते."

बरंच नको-नको करून त्या सतरंजीवर पडल्या. पाठ फळीसारखी. मी हात ठेवला. काय बोलायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. खूप वेळाने हाताखाली काहीतरी हललं. कण्हल्यासारखा एक लांब श्वास बाहेर आला आणि मग त्या रडायला लागल्या, उशीत तोंड घालून, आवाज न करता.

"मी मारलं गो त्यांना," त्या म्हणाल्या.

नाही म्हणायला तोंड उघडलं, पण मला काय माहीत? मी हात काढला नाही, एवढंच. नऊ वाजता उठलो, त्यांनी साडी बदलली आणि आम्ही दोघी टेस्टला निघालो.