वासुदेवभाऊंची जर्मनीतली पंगत

चिमूरच्या बाजारात मासे घ्यायला आलेल्या माणसाला जर्मनीच्या विद्यापीठात स्वस्तात पोट कसं भरायचं हे शिकवणारा महापुरुष या भूतलावर एकच. आमचे शेजारी वासुदेवभाऊ. स्वतः नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण तलावातले मासे तोलता तोलता प्रवचन सुरू, "हे पाहा, कॅन्टीनमंदी मटनाच्या लाइनीत लागाचंच नाई. कोपऱ्यात सूपचं भगुनं राह्यते, त्याच्यासंगं पाव फुकट. पानी नळाचं प्याचं. बाटली घेतली का मेले!"

"पन भाऊ, मले कुठी जर्मनीले जाचं आहे?" गिऱ्हाईक रडकुंडीला येतं.

"सांगून ठेवलं. का भरोसा!"

हे सगळं ज्ञान त्यांच्या लेकीचं, चंदाचं. ती तिकडे शिकायला गेली आहे. आई ती लहान असतानाच वारली, घरात बाप-लेक दोघंच. निघताना भाऊंनी तिला लोणच्याची बरणी दिली आणि बजावलं, "सगळ्यांचं झाल्याबिगर पंगतीतून उठू नको."

आमच्याकडे तशी रीतच आहे. शेवटच्या माणसाचा हात थांबेपर्यंत कुणी उठत नाही. मधेच उठला, तर गाव वर्षभर विसरत नाही.

पोरगी पडली आज्ञाधारक. पहिल्या दिवशी सूप-पाव संपवून बसून राहिली. शेजारचा उठला, दुसरा आला. तो उठला, तिसरी आली. पंगत काही संपेना! अखेर टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकणाऱ्या बाईनं तिला विचारलं, बरं वाटत नाही का?

हा किस्सा ऐकून आमची गल्ली लोळायची बाकी राहिली. भाऊ मात्र हसले नाहीत. "म्हंजे तिथी कोनी कोनासाठी थांबतच नाई? पोरगी एकटी जेवून राह्यली?"

दुसऱ्या दिवसापासून देखरेख सुरू. तिकडचे बारा म्हणजे आपले साडेचार. चंदा फोन ग्लासाला टेकवून ठेवी आणि भाऊ अंगणातल्या बाजेवरून जर्मनीचं कॅन्टीन चालवीत. आवाज असा, की फोन नसता तरी तिकडे पोचला असता.

"हे का आहे बशीत? चमचाभर भात? मांजरीले टाकला काय?"

"बाबा, इथी भात तोंडी लावाले देतात."

"भात? तोंडी लावाले?" धानाच्या मुलखातला माणूस तो, त्यांना घामच फुटला. "त्या वाढनाऱ्या बाईले दे फोन!"

चंदानं खरंच दिला. भाऊ अस्सल झाडीबोलीत म्हणाले, "बाई, आमची पोरगी भातावरची आहे. वाढा ना अजून, लाजू नका." बाई खळखळून हसली आणि दोन मोठे चमचे वाढून मोकळी झाली. तेव्हापासून जर्मन भाषा एकदम सोपी असल्याचं भाऊ सर्वांना सांगतात.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, पोरीला निवांत जेवू द्या की."

"मंग तिच्यासंगं बसन कोन? तुमी जाता?"

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या अंगणात असतानाच फोन आला. चंदा घाईत होती. "बाबा, आज नंतर बोलते. मैत्रिणी थांबल्या आहेत जेवाच्या."

"तुयासाठी थांबल्या?" भाऊ ताडकन उठून उभे राहिले. "मंग जा ना, माय! इथी काऊन बोलून राह्यली?"

"तुमी जेवले ना?"

"कवाच!"

फोन ठेवून त्यांनी मला अशी टाळी दिली, की हात झणझणला. "थांबल्या म्हने! ऐकलं का? थांबल्या!"

मग ते बाजेवर बसले आणि खालून एक झाकलेलं ताट ओढलं. भात, माशाचा रस्सा. रश्श्यावर साय धरली होती.

"भाऊ, रोज आत्ताच जेवता?"

"तिच्यासंगं जेवतो. ताट फोनच्या बाहेर ठेवतो. उपाशी राह्यतो म्हनून रागावन पोरगी." रस्सा भातावर ओतत म्हणाले, "उद्यापासून आपल्या बाराले जेवीन."

भात कालवला, पुन्हा कालवला. घास काही उचलला जाईना.

माझं जेवण दुपारीच झालं होतं, तेही गळ्यापर्यंत. "एवढा रस्सा एकटेच संपवता काय?" असं म्हणत मी आत गेलो आणि फळीवरचं दुसरं ताट घेऊन आलो.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग झटकन दोन्ही ताटं उचलली.

"थंडं नका खाऊ. गरम करून आनतो," म्हणाले, आणि लगबगीनं चुलीकडे गेले.