मॅडमसाठी बिनडागी पानं

"नोकरी खिशात पडली म्हणून समज!" पेसामिनोने शनिवारीच आईला सांगून टाकलं होतं.

का नाही सांगणार? सामोआतल्या अपियाच्या विद्यापीठात चार वर्षं जैवतंत्रज्ञान शिकून त्याने काचेच्या बाटल्यांत अळूची रोपं वाढवून कुंड्यांत लावली होती, पानांवर डाग पाडणाऱ्या करप्याला अजिबात दाद न देणारी! सुट्टीत तिथे पाणी कोण घालणार, म्हणून सगळ्या कुंड्या घरच्या मागच्या पडवीत आणल्या होत्या. सोमवारी रोपवाटिकेच्या प्रमुख लेउता मॅडम पानं तपासणार होत्या. डाग नसला की तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी पक्की. वर आणखी हुशारी म्हणून त्याने मॅडमना रविवारी चर्च सुटल्यावर जेवायलाच बोलावलं!

मॅडम चटईवर बसल्या. पाहुण्यांचं होईपर्यंत घरच्या पोरांनी जेवायचं नसतं, म्हणून पेसामिनो शेजारी बसून विणलेल्या पंख्याने माशा हाकलत होता. आईने नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पुरचुंड्या वाढल्या.

"अहाहा! सूलूताई, काय कोवळी पानं हो!"

"आमच्या बागेतली गोगलगायींनी खाल्लीत. पाहुण्यांना भोकं पडलेली पानं वाढू होय? ही पडवीतली. एक डाग दिसला तर शपथ!"

पंखा थांबला. एक माशी मॅडमच्या नाकावर बसली.

"आई... कुंड्यांमधली?"

"मग! शिकलास ते वाया नाही गेलं हो!"

पेसामिनो पडवीत धावला. कुंड्यांत नुसते देठ उभे होते! परत आला तेव्हा त्याला रडू आवरेना.

"मॅडम, तुम्ही माझा प्रकल्प खाताय!"

मॅडमचा घास हवेतच राहिला. "तपासायला एकही पान नाही?"

"देठ आहेत ना," आई म्हणाली, "फुटतील की परत!"

"फुटतील. पण जागा या आठवड्यात भरणार," मॅडम हळूच म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी बघू रे."

आईचा चेहरा पडला. "मी साक्ष देते, मॅडम! एकेक पान माझ्या हाताने धुतलंय. डाग नव्हता!"

"मीही देईन. पण सूलूताई, पुरावा आपण दोघींनी मिळून संपवलाय."

निघताना आईने उरलेल्या पुरचुंड्या नारळाच्या झापाच्या टोपलीत भरल्या. ती टोपली पेसामिनोनेच गाडीपर्यंत पोचवली. पोरगा हताश होऊन परत आला, आणि वर भूकही सपाटून लागलेली.

"आई, एक तरी ठेवलीस माझ्यासाठी?"

"पाहुण्यांना रिकाम्या हाताने पाठवतात का रे?" आईने डोळे पुसत दुसरं पातेलं पुढे सरकवलं. "हे घे. गोगलगायींनी खाऊन उरलेलं."